हूक आणि आय

४ फेब्रुवारी

“सुई इकडे दे. तुझ्याच्यानं व्हायचं नाही,” आई म्हणाली. दोरा ओठांत होता, त्यामुळे निम्मे शब्द दोऱ्यातच अडकले. मी सुई दिली. तिने दोऱ्याचं टोक ओलं करून चिमटीत वळलं, सुई खिडकीकडे धरली आणि सुईच्या शेजारच्या हवेत दोरा ओवला.

“ओवला बघ,” म्हणाली.

मी सुई परत घेतली आणि पाठ वळवून ओवली.

हे तुला सांगायचं नव्हतं. पत्र वेगळ्याच कामासाठी आहे. फोन तू उचलणार नाहीस, आणि मीही करणार नाही, म्हणून कागद.

काम असं. आमच्या शाळेच्या मुलांसाठीच्या इंग्रजी-मराठी कोशात मी ‘ई’ या अक्षरावर आहे, आणि ‘आय’ या शब्दापाशी अडले आहे. आय म्हणजे डोळा. तेवढं तर पहिलीतलं पोरही सांगेल. पुढचे अर्थ त्रास देतात. इंग्रजी सुईला आय असतो. बटाट्याला असतो, वादळाला असतो, हुकालाही असतो. तू त्या भाषेत दिवसभर राबतेस. मी ती पुस्तकातून शिकले. म्हणून विचारते: तिथली माणसं हे खरंच असं बोलतात, की ते फक्त कोशांतच बोललं जातं?

सुईचं आईला सांगितलं. म्हटलं, आपण ज्याला नेढं म्हणतो त्याला ते सुईचा डोळा म्हणतात.

“तिकडच्या सुया बघतात वाटतं,” ती म्हणाली. “आपल्या सुयांना नुसतं भोक.”

मग म्हटलं, तू जन्मभर फ्रॉकना हूक आणि आय लावलेस, हूक ज्यात अडकतो तो आय म्हणजेही हाच शब्द.

“हुकाचा डोळा?”

“हो.”

ती बराच वेळ हसत होती. शिलाई मशीनवर हात टेकून हसली. मग पदराने चांगला डोळा पुसला, आणि सवयीने दुसराही. “म्हणजे डोळा गेला तरी मी आय आहेच म्हणायची,” म्हणाली.

फ्रॉक तुझ्या मुलीसाठी आहे. माप अंदाजाने घेतलं आहे. शेजाऱ्यांच्या नातीला दारात उभं करून. “अशीच असेल ना? जरा मोठाच बेतते. बारकीची पोर आहे, उंच होईल.” तुला ती अजून बारकीच म्हणते. हूक मी लावले. आय मात्र लावू दिले नाहीत. लहानपणची वाटणी तिच्या लेखी अजून चालू आहे: हूक थोरलीचे, आय धाकटीचे. तुझे दोऱ्याचे आय घट्ट बसायचे, माझे सैल पडायचे, हे खरं आहे. तेव्हा फ्रॉकला सध्या नुसतेच हूक आहेत. अडकवायला काही नाही.

उत्तर शब्दापुरतं दिलंस तरी चालेल.

ताई


२० फेब्रुवारी

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो असं मी आईला सांगितलं आहे.

काम पुढे सरकलं नाही. आमच्या मुख्य संपादकांना आम्ही पूर्णविराम म्हणतो. कुठलीही चर्चा ते “झालं!” म्हणून संपवतात. हुकाच्या आयला मी मराठी प्रतिशब्द म्हणून ‘आय’च लिहिला होता. शिंप्याकडे जा, दुसरा शब्द ऐकू येत नाही.

“इंग्रजी शब्दाचा अर्थ म्हणून तोच इंग्रजी शब्द?” ते म्हणाले. “मग कोश कशाला छापायचा? मुलांना आरसे वाटू. कडी लिहा.”

“कडी दाराला असते.”

“फ्रॉकलाही असेल. झालं!”

कडी लिहिली. आता त्या कडीत कोण काय अडकवतं ते बघायचं.

दुसरं. इंग्रजीत दोन माणसांना ‘आय टू आय’ दिसत असेल, तर त्याचा अर्थ त्यांचं पटतं. आपल्याकडे कोणी डोळ्याला डोळा भिडवला तर बघणारे मधे पडतात. नजर जुळली तर प्रेम होतं, पण मत जुळत नाही. मी खूप शोधलं. आपल्याकडे सूर जुळतात, मनं जुळतात. पटण्यासाठी डोळे कोणी वापरत नाही. तुमच्या तिथे दोन म्हाताऱ्या भांडून पुन्हा बोलायला लागल्या, तर असं म्हणतात का? आई म्हणते, “तिला कसली सवड? दुसऱ्यांच्या आया सांभाळायच्या असतात तिला.” तुझ्या वृद्धाश्रमातल्या नोकरीबद्दल ती हे एकच वाक्य बोलते. त्यात टोमणा किती आणि अभिमान किती, हे मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही.

ती बटाटे अजून स्वतः सोलते. अंगठ्याने चाचपते, डोळा लागला की सुरीच्या टोकाने उपटते. बटाट्याचा मात्र दोन्ही भाषांत डोळाच. “एवढे डोळे याला,” ती काल म्हणाली, “आणि राहतो मातीत.”

आमच्या कोशाला मागे उलट बाजूही जोडणार आहेत, मराठीतून इंग्रजी. तिथेही मदत हवी. डोळा लागणे. डोळे निवणे. डोळे फिरणे. डोळे येणे. कानाडोळा करणे. याला तिकडे रोजच्या बोलण्यात काय म्हणतात? पुस्तकातलं नको, ते आहे माझ्याकडे.

ताई

ता. क. काल आईला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगल्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून फुगला आहे. लवकर काढला नाही तर डोळ्यातला दाब वाढेल, आणि मग काढूनही काही दिसणार नाही. आई ऑपरेशनला तयार नाही. डॉक्टरीणबाईंसमोर म्हणाली, “एक असाच दिला तुमच्या लोकांना. उरलेल्यानं बारकीला एकदा बघून घेते, मग काय कापायचं ते कापा.” बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कळवते. कळवलं.


१५ मार्च

बारके,

तुझं पत्र आलं. आधी शब्दांबद्दल वाचलं, मग शेवटची ओळ वाचली, मग शब्दांबद्दल पुन्हा वाचावं लागलं.

तुमच्या त्या आजी रोज रात्रपाळीच्या बाईला “माझ्यावर आय ठेव” म्हणतात आणि दुसऱ्या आजी त्यावर “ठेव, ठेव, तिला स्वतःच्या आयनं दिसत नाही” म्हणतात, हे मी नोंदीच्या चिठ्ठीवर उतरवलं. छापणार नाहीत. तरी उतरवलं.

आता शेवटची ओळ. तू लिहितेस, माझे मराठी वाक्प्रचार तुझ्या नवऱ्याने गंमत म्हणून फोनमधल्या भाषांतराच्या यंत्रात घातले. ‘डोळे येणे’ला यंत्राने ‘डोळे मिळणे’ असं काहीतरी सांगितलं, आणि तो म्हणाला, “हे मला माहीत आहे. तुझ्या आईला मिळाले होते ना?” आणि तू मला विचारतेस, “तेव्हा तू त्याला नेमकं काय लिहिलं होतंस?”

नेमकं सांगते. आईच्या पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तू बाळंतपणासाठी दवाखान्यात होतीस, तुझा फोन बंद होता. म्हणून त्याच्या फोनवर लिहिलं, मराठीत. म्हटलं, त्याला कळलं नाही तरी तो तुला दाखवेल. लिहिलं होतं: “ऑपरेशन झालं. आईला डोळे आलेत. तिला सांग.”

बस, एवढंच.

मराठी माणसाला यात शंका यायचं कारण नाही. वॉर्डात साथ होती. आईचा डोळा लाल झाला, चिकटला, नर्स म्हणाली, डोळे आलेत, चार दिवसांत जातील. ती बोलली तेच मी लिहिलं. आलेले डोळे चार दिवसांत गेले, आणि आईचा एक घेऊन गेले.

त्याचं उत्तर आलं, इंग्रजीत. “वंडरफुल. आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. आता काळजी मिटली.” ते मी वॉर्डाच्या दाराशी उभी राहून वाचलं. आत आईच्या डोळ्यातून पू काढत होते. नंतर तुझे फोन आले. आनंद झालेल्या माणसांशी बोलायची माझी तयारी नव्हती.

मग फोटो आला. तुझी मुलगी, दुपट्यात, मोठा करून छापलेला. मागे तुझ्या अक्षरात: “आई, आता नीट बघ.”

मी ते आईला वाचून दाखवलं. तोपर्यंत डोळा गेला होता. ती म्हणाली, “टोमणे मारायची खोड लहानपणापासूनची आहे तिची,” आणि फोटो मशीनच्या खणात ठेवला. मला वाटलं, ती कधी काढणार नाही. ती दर काही दिवसांनी काढते आणि विचारते, “कशी आहे गं?” आता दुसऱ्या डोळ्यालाही चेहरा लागत नाही. मी सांगते, तुझ्यासारखी आहे. ती म्हणते, “म्हणजे हट्टी.”

डोळा गेल्याचं तुला मामांकडून कळलं. मामा म्हणाले, ताईने कळवलं होतं की. तू म्हणालीस, नाही. ते माझ्याकडे आले. मी म्हणाले, कळवलं होतं. मामा म्हणाले, “तुम्हा दोघींपैकी एक खोटं बोलते. कोण ते तुम्ही ठरवा, माझा चहा गार होतोय.” आपण दोघींनी ठरवलं. वेगवेगळं.

आम्ही कोशात यंत्रावर हसतो. शेजारच्या टेबलावरच्या बाई रोज एखादं वाक्य त्यात घालून सगळ्यांना वाचून दाखवतात. काल मी त्यांना ‘डोळे येणे’ घालायला सांगितलं. त्यांनी वाचलं, सगळे हसले. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरळ करत बसले.

आईला सांगितलं. शिवण बाजूला ठेवायला लावून, सावकाश, दोनदा. पहिल्यांदा तिला कळलंच नाही.

“डोळे आले म्हणजे आले. त्यात काय समजायचंय?”

“आई, त्याला मराठी येत नाही. त्यानं यंत्राला विचारलं, यंत्रानं नुसते शब्द धरले. डोळे आले, म्हणजे डोळे मिळाले.”

“मिळाले?”

“दिसायला लागलं.”

मशीनच्या चाकावर हात होता, ते तिने थोडं पुढे फिरवलं, थोडं मागे.

“म्हणजे बारकीला वाटलं, मला दिसतंय?”

“हो.”

“आणि फोटो?”

“दिसतंय म्हणूनच पाठवला.”

“मोठा करून,” ती म्हणाली.

“हो. मोठा करून.”

“आणि मी चार वर्षं…” एवढं म्हणून ती थांबली. मग अचानक म्हणाली, “जावई काही वाईट नाही गं. त्यानं आनंदच कळवला बिचाऱ्यानं. आपल्याच भाषेत मेलं सगळं उलटं. आले म्हणावं तर जातात.” आणि हसली. नंतर रडली. रडताना दोन्ही डोळ्यांतून पाणी येतं, गेलेल्यातूनही. मला ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं एकाच घरात राहून माहीत नव्हतं, कारण ती माझ्यासमोर रडली नव्हती.

मी रागावले आहे की नाही असं तू विचारलेलं नाहीस. माझं मलाही सांगता येत नाही. चार वर्षं मी एक राग नीट घडी घालून ठेवला होता. आता उघडला तर तो माझ्या मापाचा नाही, आणि तुझ्याही नाही.

ये. डॉक्टरीणबाईंचा पुन्हा निरोप आला होता.

ताई


२८ मार्च

बारके,

तुझी रजा पुढच्या महिन्याच्या मध्याला मंजूर झाली हे कळलं. त्याआधी मिळत नाही हेही कळलं. तुझ्या जागी दुसरी बाई मिळाल्याशिवाय त्या आजींना सोडून निघता येत नाही, हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर आहे. त्यांच्यावर आय ठेवायला पाहिजे ना कोणीतरी.” तुझं पत्र मी तिला तीनदा वाचून दाखवलं आहे. आता ती मला पुढचे शब्द सांगते.

पण डॉक्टरीणबाई मध्यापर्यंत थांबायला तयार नाहीत. आज तपासलं. दाब वाढला आहे. आईला डोकं दुखतं का विचारलं, ती नाही म्हणाली. मी हो म्हणाले. बाई म्हणाल्या, “या आठवड्यात केलं तर मी काही सांगू शकते. नंतर काहीच सांगू शकणार नाही.”

म्हणजे तू येईपर्यंत थांबलो तर ती तुला कदाचित बघेल, पुसट, शेवटचं. आणि आता केलं तर एक तर नीट बघेल, नाहीतर मुळीच नाही. मी हे तिला असंच सांगितलं. मऊ शब्द शोधले होते, सापडले नाहीत. शब्दांचंच काम करते मी.

तिने फ्रॉक मागितला. हुकांवरून अंगठा फिरवत बसली.

तुला काय वाटतं ते पत्राने नको, फोनने कळव. मी उचलेन.


२ एप्रिल

तुझा फोन आला तेव्हा आई आतल्या खोलीत होती. तू “तिला विचार” म्हणालीस, तेच बरोबर होतं. मी विचारलं. आता ते कसं झालं ते लिहिते, कारण फोनवर आपण दोघींनी मिळून “हं” सोडून काही म्हटलं नाही.

ती सकाळी स्वतःहून उठून तयार झाली. मला म्हणाली, “चल.”

“कुठे?”

“कापायला.”

मी म्हटलं, “तुला बारकीला आधी बघायचं होतं ना?”

“तेव्हा बघायचं होतं. ती आली नव्हती म्हणून. बोलावूनही येत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? जाता जाता तोंड तरी बघून घ्यावं.” चपला पायाने शोधत होती. मी पुढे केल्या नाहीत, तिला आवडत नाही. “आता येणार आहे म्हणते. येणारच असेल तर मला काय घाई? वाटेकडे डोळे लावून बसेन.”

मग दारात थांबून म्हणाली, “पण डोळे लावून बसायचं तर आधी डोळा नको का?”

रिक्षात बसेपर्यंत ठीक होती. दवाखान्याच्या पायऱ्यांशी माझा दंड धरला आणि सोडला नाही. आत नेताना नर्सने हात सोडवला. नर्स तरुण होती, मोकळ्या आवाजाची. “घाबरू नका आजी, काही होत नाही,” म्हणाली. आई म्हणाली, “होतं. पण तू चांगली दिसतेस.” तिला ती दिसत नव्हती. नर्सला ते माहीत नव्हतं, ती लाजली.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाताबाहेर काही गेलं नाही, बाकी पट्टी काढल्यावर. मी विचारलं, लाली? म्हणाल्या, अजून नाही. मी दर तासाला विचारते. नर्स आता मला बघितलं की आधीच मान हलवते.

आई पडून आहे. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा असून नसल्यासारखा, म्हणजे या घडीला तिला काहीही दिसत नाही. मी खुर्चीवर बसून हे लिहिते आहे. तिने विचारलं, “काय खरडतेस?” म्हटलं, बारकीला पत्र. म्हणाली, “लिही, फ्रॉकचे आय तिच्याकडे राहिलेत. पोरीच्या अंगावर घालून मग करायचे. माप बघून. तुझ्यासारखे सैल नकोत.” लिहिलं.

मग म्हणाली, “आणि लिही, मी टोमणा समजले.” थोड्या वेळाने, “नको. ते मी सांगेन.” पण तोवर मी लिहिलं होतं, आणि मी खोडत नाही.

कोशाचं राहिलं. ‘आय’ची नोंद काल छपाईला गेली. हुकाच्या जागी कडी आहे. मी मुद्रणप्रतीत समासात एक आय लिहून ठेवला आहे. पूर्णविरामांनी बघितला, चष्मा वर केला, खाली केला, आणि पान उलटलं. कानाडोळा असाही होतो.

बाहेर लोक भेटायला येताहेत. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा लांबून आला आहे, आणि ती त्याला सारखी म्हणते, “असा उजेडात उभा राहा.” आई ऐकते आहे. तिला वाटतं, मला माहीत नाही की ती ऐकते आहे.

बाकी उद्या.


३ एप्रिल, सकाळ

पट्टी काढली. लाली नाही. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली, आईने बरोबर सांगितली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अगं बाई, किती म्हातारी झालीस.” मी तुझ्या नवऱ्याच्या फोनवर लिहिलं: “आईला दिसतं.” नंतर तिने फोटो मागितला, मी तो बरोबर आणला होता. तिने तो खिडकीकडे धरून बराच वेळ बघितला. मग उलटला, आणि मागची ओळ अक्षर लावत स्वतः वाचली.